मायांग

तात्याबांना मेंढीची चाल कळते, हे शिरूर कासारच्या अलीकडच्या-पलीकडच्या सात-आठ गावांत कुणीही सांगेल. बाजारात मेंढी घ्यायची असली की लोक त्यांना आधी चहा पाजतात आणि मग सोबत नेतात. तात्याबा दात बघत नाहीत, कास दाबत नाहीत. "जरा चालवा बरं तिला," एवढंच म्हणतात आणि दहा पावलांत सांगून मोकळे होतात की ही गाभण आहे, हिच्या खुरात काटा आहे, हिला मागच्या वेताला त्रास झालाय. दोन शेतं पलीकडे चरणारी मेंढी मागचे पाय फाकून टाकायला लागली, तर त्यांना बांधावर बसल्या जागी कळतं. त्यांचं हे कौतुक ताराबाई लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. ती त्यांच्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, भाऊ जाऊन सात.

त्या तेहेतीसपैकी शेवटची अकरा वर्षं ताराबाई स्वतः पाय फाकून चालत होती, आणि ते कुणालाही दिसलं नव्हतं.

तिचं अंग बाहेर येत होतं. बायका असंच म्हणतात, आणि तेही एकमेकींच्या कानात. सरळ सांगायचं तर गर्भपिशवी खाली उतरली होती. सकाळी उठल्यावर बरं असायचं. घागर उचलली, खोकला आला, कोकरू काखेत घेऊन चढ चढली की मुठीएवढा गोळा बाहेर यायचा आणि मांड्यांत घासायचा. जुन्या लुगड्याची घडी करून ती आत घट्ट बांधायची. लघवीला बसलं की आधी हातानं गोळा वर ढकलायचा, मग वाट मोकळी व्हायची. लग्नात, जागरणात, गिरणीवर चार बायका ऐसपैस मांडी घालून बसायच्या, तेव्हा ही भिंतीला टेकून उभी राहायची. "तारा लई मानाची, बसत बी न्हाई," अशी तिची थट्टा व्हायची आणि तीही हसायची.

याची सुरुवात मुलाच्या, बजरंगच्या वेळची. मेंढरं घेऊन सगळे बाहेरगावी उतरले होते, तिथेच पालात ती बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी तळ हलला. मेंढरांना चारा हवा होता, त्यांना बाळंतिणीशी काय देणंघेणं! भांड्यांची पाटी डोक्यावर आणि पाच दिवसांचं पोर पोटाशी घेऊन ती चौदा किलोमीटर चालली. तेव्हाच आत काहीतरी सैल झाल्यासारखं तिला वाटलं होतं. पुढं वर्षं गेली, चाळिशी उलटली आणि जे सैल होतं ते बाहेर आलं. नवऱ्याला तिनं एकदाच सांगितलं. "बायकांचं काय ना काय चालूच ऱ्हातंय," असं म्हणून भारत मेंढरं सोडायला गेला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणूनच त्या बोलण्याचा जास्त राग यायचा.

तीन वर्षांपूर्वी सून रोहिणी तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरनं तपासलंही नाही. रोहिणीचं बोलणं अर्धं ऐकून तो म्हणाला, "पिशवी काढून टाका मावशी. आता तिचा उपयोग काय?" ऊस तोडायला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या अशाच दोन वाक्यांत निघाल्या होत्या, तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या. ताराबाई "बघू" म्हणून उठली. तिला चिरफाडीचं भय होतं, हे खरंच. पण घरी येईपर्यंत डोक्यात घण घालत होता तो उपयोग हा शब्द. उपयोग संपला म्हणून काढायचं ठरवलं तर गावातल्या किती पुरुषांचं काय काय काढावं लागेल, याची यादी तिनं जीपमध्ये बसल्या बसल्या मनात केली. मग ती तशीच चालत राहिली. दुसरा काही इलाज असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

यंदा चैत्रात एका सकाळी तात्याबांची करडी मेंढी वाड्याकडे येत होती. तात्याबा अंगणातल्या लिंबाखाली दगडावर बसले होते आणि समोर दुकानदार बबनराव चहा पीत होते. बबनराव ग्रामपंचायतीचे सदस्यही आहेत, म्हणजे चहा फुकट. तात्याबांनी कपबशी खाली ठेवली.

"बजरंग, तिला धर. मायांग बाहेर आलंय तिचं."

मेंढी अजून वेशीतही नव्हती. बजरंगनं जाऊन पाहिलं तर खरंच! मायांग म्हणजे जनावराचं तेच, जे ताराबाईचं बाहेर येत होतं. फक्त जनावराच्या बाबतीत तो शब्द अंगणात मोठ्यानं म्हणता येतो. मग काय विचारता! घरदार धावलं. एकानं मेंढीचा मागचा भाग उंचावर धरला. ताराबाईनं गार पाणी ओतलं. तात्याबांनी हात धुतले, तेल लावलं आणि लाल गोळा असा हळुवार आत सारला की मेंढी हूं की चूं करेना. मग मागून दोरी आवळून बांधली, पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून. बबनराव बशीतला चहा फुरकत जवळून बघत होते. रोहिणी बघत होती, तात्याबांची बायको विमलबाई बघत होती, शेजारची पोरंसोरं बघत होती. कुणाला लाज वाटली नाही, कारण लाजण्यासारखं काही नव्हतंच.

तात्याबा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत बजरंगला म्हणाले, "चार दिस हिला लांब हिंडवू नगं. मुकं जनावर हाय, त्याला सांगता येत न्हाई. आपुन वळखाया पायजे."

पाण्याची रिकामी बादली हातात धरून ताराबाई तिथंच उभी राहिली. बादली उचलताना तिचा गोळा बाहेर आला होता. ती तात्याबांसमोरून, बजरंगसमोरून, त्या फुरकणाऱ्या बबनरावांसमोरून घरात गेली. मेंढीहून वाईट चालत गेली. कुणी मान वळवली नाही. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून रडली नाही. तिला संताप आला होता, आणि संतापात तिनं ठरवलं की आपण काही मुकं जनावर नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दर बुधवारी एक डॉक्टरीणबाई येतात, हे तिला गिरणीवर कळलं होतं. डोळे दाखवायला जाते असं सांगून ती एकटी निघाली.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं. किती वर्षं झाली, लघवी साफ होते का, शौचाला जोर करावा लागतो का, रक्त जातं का, वजन किती उचलता. ताराबाई उत्तरं देत गेली आणि मधेच तिला जाणवलं की अकरा वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारतंय. मग पडद्याआड नीट तपासणी झाली. दीपमाला सिस्टरनं हात धरून ठेवला होता.

"जखम नाही, चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन हा एक मार्ग आहे. पुढं लागलं तर तोही बघू. पण त्याच्याआधी दुसरा आहे." त्यांनी खणातून मऊ, पांढरी, बांगडीपेक्षा जाड अशी कडी काढली. "डोक्यावर घागर घेता तेव्हा खाली काय ठेवता?"

"चुंबळ."

"मग ही आतली चुंबळ समजा. आत बसवायची, पिशवी हिच्यावर टेकते आणि खाली येत नाही. चिरायचं नाही, टाके नाहीत. तुमची इच्छा असेल तर बसवू. नको असेल तर राहू द्या."

तुमची इच्छा! ताराबाईला हसावं की रडावं कळेना. लग्न, बाळंतपण, तळ हलणं, यातलं काही तिची इच्छा विचारून झालं नव्हतं. "बसवा," ती म्हणाली.

पहिली कडी खोकल्याबरोबर निसटली. दुसरी एक माप मोठी. बाईंनी तिला खोकायला लावलं, उकिडवं बसवलं, व्हरांड्यात दहा फेऱ्या मारायला लावल्या, लघवीला पाठवलं. कडी जागची हलली नाही आणि टोचलीही नाही. मग सिस्टरनं व्यायाम शिकवला. लघवी मधेच धरावी तसं आतून आवळायचं, दहा मोजायचे, सैल सोडायचं, असं दिवसातून तीनदा. जड उचलायचं नाही. रक्त गेलं, घाण वास आला, लघवी अडली तर लगेच यायचं. नाहीतर तीन महिन्यांनी.

ताराबाई बाहेर पडली. व्हरांड्यात इंजेक्शनची रांग होती आणि रांगेत बबनराव उभे होते, एका पायाचं धोतर वर घेऊन. त्यांच्या स्वतःच्या कुत्र्यानं त्यांच्या पोटरीला धरलं होतं. कुत्रा इतकी वर्षं कसा थांबला, हाच खरा प्रश्न होता. ताराबाईनं पदर सारखा केला आणि पुढं निघाली, तेवढ्यात मागून दीपमाला सिस्टरनं हाक मारली.

"मावशी, बसवलीय ती तीन महिन्यांनी काढून धुवायला यायचं हां! विसरू नका!"

सिस्टरचा काही दोष नव्हता. तिचा दिवसभर तसाच आरडाओरडा असतो.

आता बसवणं हा शब्द आमच्याकडे दिवसातून पन्नासदा येतो. खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, विहिरीवर मोटर बसवतात, म्हातारे कवळी बसवतात. पण बाईनं दवाखान्यात काही बसवली म्हटलं की त्याचा अर्थ एकच, तांबी. पोर होऊ नये म्हणून बसवतात ती. दुसरी काही वस्तू बाईला बसवतात हे गावात कुणी ऐकलेलंच नाही. बबनरावांनी तर नाहीच. त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि पहिली जीप पकडली.

ताराबाईला याचा पत्ता नव्हता. ती फाट्यावर उतरली आणि गावापर्यंतचं दोन किलोमीटरचं अंतर चालत आली. एरवी त्या वाटेवर ती तीन ठिकाणी बसायची, लोकांना वाटायचं दम लागला. आज ती एकदाही बसली नाही. पाय एकमेकांजवळ पडत होते. आपले गुडघे एकमेकांजवळून जातात याचाच तिला एवढा आनंद झाला की शेवटचा चढ ती उगाचच भरभर चढली. वर आल्यावर मोठ्यानं खोकून बघितलं. काही झालं नाही. पुन्हा खोकली आणि एकटीच हसली.

तो आनंद जेमतेम पाच दिवस टिकला.

आधी विमलबाईंनी तिच्याशी बोलणं बंद केलं. मग गिरणीवर बायका तिला जागा देईनात, म्हणजे दिली ती जरा जास्तच दिली. आता ती मांडी घालून बसू शकत होती, आणि आता तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. सहाव्या दिवशी रोहिणी भाकरी थापता थापता रडायला लागली.

"आत्या, लोक लई घान बोलायलेत. मनत्यात तुमी तांबी बसवली. मनत्यात, नवरा न्हाई तर तांबी कावून लागती?"

ताराबाई आधी हसली. बावन्न वर्षांची बाई, पाळी जाऊन चार वर्षं झालेली, तिला तांबी! मग तिच्याशी कुणाकुणाचं नाव जोडलं जातंय ते रोहिणीनं सांगितलं. मेंढरांचा व्यापारी होता, शाळेचा शिपाई होता, भारतचा एक जुना मित्रही होता. तिचं हसू गेलं आणि रोहिणीपुढची परात तिनं अशी आदळली की पीठ चुलीत गेलं. पाळी गेलेल्या बाईला तांबी लागत नाही हे गावातल्या एकूण एक बाईला माहीत होतं. तरी एकीनंही म्हटलं नाही की अरे, थांबा, हे जमत नाही. याचा राग तिला बबनरावांपेक्षा जास्त आला.

तिनं रोहिणीला खरं काय ते सांगितलं, चुंबळीसकट. रोहिणी डोळे पुसून म्हणाली, "मंग ह्येन्ला सांगा ना."

बजरंगला रोहिणीनंच सांगितलं. तो घरात आला, दाराकडे तोंड करून बसला आणि आईकडे न बघता म्हणाला, "माय, काढून टाक ते."

"कावून?"

"लोकांची तोंडं कशी धरावी? कुनाकुनाला समजून सांगू? त्येच्यापरीस पिशवीच काढून ये. मी नेतो तुला. पिशवी न्हाई म्हनल्यावर बोलायला कायच ऱ्हात न्हाई."

ताराबाई त्याच्याकडे बघत राहिली. पाच दिवसांचा असताना ज्याला पोटाशी बांधून ती चौदा किलोमीटर चालली होती, तोच हा. बबनरावांचं तोंड बंद करायला आईचं पोट उघडायला निघाला होता.

"तुला पटतंय का बजरंग, मी तसली हाय म्हून?"

"मला न्हाई पटत. पर तात्याबानी रविवारी बसायचं ठरवलंय."

रविवारी सकाळी तात्याबांच्या अंगणात भावकी बसली. तोच लिंब, तोच दगड. आठ-दहा पुरुष होते. ऐकल्याचं सांगायला म्हणून बबनराव होते, पोटरीला पट्टी बांधून. बायका उंबऱ्याच्या आत दाटीनं उभ्या होत्या. करडी मेंढी बरी होऊन दावणीला रवंथ करत होती. ताराबाईला मधे उभं केलं, ती उभी राहिली.

तात्याबा जमिनीकडे बघत बोलले. "तारा, मी तुला लेकीवानी मानली. भारत गेला तरी कवा वाकडा शबुद बोललो न्हाई. काय बसवलंस, कशासाटी बसवलंस, ते मला ऐकायचं बी न्हाई. काढून ये, म्हंजे हा इषय मिटला. न्हाईतर ह्या वाड्यात तुजं पानी येगळं, भाकर येगळी. मेंढरामागं बी तू जायाचं न्हाई."

ऐकायचंही नाही! ताराबाईची कानशिलं तापली.

"भावजी, तुमाला ऐकायचं नसंल, पर मला सांगायचंय," ती म्हणाली. "पंदरा-ईस दिसामागं ह्याच दगडापाशी करड्या मेंढीचं मायांग तुमी हातानं आत सारलं. पानी मी वतलं. बबनराव हितंच च्या पीत व्हते. मागून दोरी बांदली तवा कुनी इचारलं न्हाई, हिला दोरी कुनासाटी बांदली म्हून."

"त्येचा हितं काय संबंद?" एकजण म्हणाला.

"संबंद हाय. माजं मायांग बाहेर येतंय. अकरा वर्सं झाली."

अंगणात कुणीतरी खाकरलं. एकानं टोपी काढून पुन्हा घातली. मेंढीसाठी रोज तोंडात असलेला शब्द, पण आता तो ऐकून सगळे पुरुष दगडं मोजायला लागले.

"तिला तुमी दोरी बांदली, मला डाक्टरीनबाईनी कडी बसवली. चुंबळीवानी. पिशवी खाली येऊ ने म्हून. तांबी न्हाई. माजी पाळी जाऊन चार वर्सं झाली. हे ह्या उंबऱ्याआडच्या कोनत्याबी बाईला इचारलं आसतं तर तिनं सांगितलं आसतं. पर तुमी इचारलं कुनाला, तर बबनरावाला!"

"मी आपलं कानावर आलं ते सांगितलं," बबनराव म्हणाले. "माजा काय सवार्थ?"

"मी बी तुमाला रांगंत बघितलंवतं बबनराव. तुमचंच कुत्रं तुमाला चावलं. मी गावात सांगत हिंडले का, का चावलं आसंल म्हून?"

उंबऱ्याआड एक बाई फिस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

तात्याबा उठून उभे राहिले. "बास झालं! चारचौगांत बाईमानसानं आसलं बोलावं का? ही काय मेंढीची गोष्ट हाय का?"

"न्हाई भावजी. मेंढीची आसती तर तुमाला कवाच कळली आसती." ताराबाईनं दावणीच्या मेंढीकडे बोट केलं. "दोन शेतावरची मेंढी तुमाला दिसती. मी अकरा वर्सं तुमच्याम्होरनं चालले. घागर घिऊन चालले, कोकरं घिऊन चालले. तुमीच बजरंगला म्हनला, मुक्या जनावराला सांगता येत न्हाई, आपुन वळखावं. मला सांगता येतंय, तर तुमाला ऐकायचं न्हाई. मंग मी करू काय? आता ऐका. कडी ऱ्हानार. पानी येगळं करा, भाकर येगळी करा. तीन महिन्यानी मी ती धुवायला जानार, बुदवारी, दिवसाढवळ्या, बबनरावाच्या दुकानाम्होरनं."

बजरंग लिंबाच्या बुंध्याला टेकून उभा होता. त्यानं आईकडे बघितलं, त्या रविवारी पहिल्यांदाच. तात्याबांच्या कपाळाची शीर उडत होती. आता ते काय बोलणार, ताराबाईला घरातून काढणार की काय, म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्याच वेळी उंबऱ्यातून विमलबाई बाहेर आल्या. तात्याबांची बायको, साठी ओलांडलेली, घाटनांदूरची लेक, चारचौघांत कधी तोंड न उघडणारी. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. आठवडाभर ताराबाईशी अबोला धरलेली ही थोरली जाऊ आता बरोबर सुनावणार, असं पुरुषांना वाटलं आणि ते जरा सैल झाले. विमलबाईंनी ट्रे ओट्यावर ठेवला. एकालाही कप दिला नाही.

"अवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जरा हिकडं बघा."

"तू आत जा."

"बघा तर."

आणि त्या चालल्या. ओट्यापासून लिंबापर्यंत गेल्या, वळल्या, लिंबापासून ओट्यापर्यंत आल्या. पदर सावरला नाही, पाय चोरला नाही. एरवी चालायच्या तशाच, फक्त आज सगळ्यांना दिसेल अशा. दावणीची मेंढी रवंथ करत होती. तात्याबांना बघायचं नव्हतं. पण डोळ्यांना सवय होती. त्यांची नजर आपोआप खाली गेली आणि पावलांवर जाऊन बसली. चौथ्या-पाचव्या पावलाला त्यांचा चेहरा उतरला. ते हळूच दगडावर बसले.

विमलबाई समोर उभ्या राहिल्या. बाजारात मेंढीचा धनी विचारतो तसं त्यांनी विचारलं, "कळलं का काय हाय ते?"

तात्याबांनी मान हलवली.

"मंग किती दिसाचं हाय, सांगा."

लोक बघत होते आणि बोलणं भाग होतं. "आसंल... चार-पाच वर्साचं."

"बावीस," विमलबाई म्हणाल्या. "बावीस वर्सं झाली. रोज तुमच्या ताटापस्तोर चालत येते मी."

जन्मात पहिल्यांदा तात्याबांचा अंदाज चुकला होता. बबनराव चहाची वाट न बघता लंगडत वेशीकडे निघाले होते. त्यांना थांबवावं असं कुणालाही वाटलं नाही. विमलबाईंनी नवऱ्याकडे पाठ केली आणि ताराबाईच्या हाताला धरलं.

"ते गिरनीवर मी बी गप बसले, तारा. मला ठावं आसून गप बसले," त्या म्हणाल्या. मग पदरानं नाक पुसून त्यांनी विचारलं, "बुदवारी किती वाजता निगायचं?"

"नवाच्या जीपनं, आक्का," ताराबाई म्हणाली.